छाप्यानंतरचा प्रश्न

१९९६च्या फेब्रुवारीत मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पोलिसांनी कामाठीपुरा परिसरातल्या कुंटणखान्यांवर छापे घातले आणि चारशेहून अधिक मुलींना बाहेर काढलं. त्यांतल्या जवळपास निम्म्या नेपाळच्या होत्या. पोलिसी हिशेबात कारवाई फत्ते झाली. पण कुंटणखान्यातून निघालेल्या या मुली गेल्या त्या सरकारी गृहांत. तिथे त्यांना न विचारता त्यांच्या एचआयव्ही चाचण्या झाल्या. बाहेर पडायची मुभा नव्हती. या आमच्याच नागरिक कशावरून, असं म्हणत नेपाळ सरकार त्यांना परत घ्यायला का-कू करत राहिलं. आणि कोवळ्या वयात विकल्या गेलेल्या मुलीजवळ नागरिकत्वाचा कागद असणार तरी कुठून? असेच महिने गेले. अखेर नेपाळमधल्या स्वयंसेवी संस्था पुढे आल्या आणि त्या वर्षीच्या पावसाळ्यात सव्वाशेच्या आसपास मुली मायदेशी पोहोचल्या. त्यांच्यातल्याच काहींनी मिळून ‘शक्ती समूह’ ही संघटना उभी केली, तिला २०१३ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. नागरिकत्वाच्या दाखल्यासाठी झगडणं आणि दलालांविरुद्ध खटल्यात उभं राहणं, ही दोन्ही कामं ही संघटना करत आली आहे. हक्कांची भाषा बोलणारे लोक शिक्षेच्या विरोधात असतात असा एक समज आहे. निदान या बायकांच्या बाबतीत तो खोटा आहे.

मानवी तस्करीकडे पाहण्याच्या दोन रीती आहेत. फौजदारी रीतीत तस्करी हा राज्याविरुद्धचा गुन्हा असतो. फिर्यादी सरकार, आरोपी दलाल, आणि जिला विकलं ती खटल्यातली साक्षीदार. मानवी हक्कांच्या रीतीत जिला विकलं तिचं काहीतरी हिरावून घेतलेलं असतं, म्हणजे मोकळीक, मजुरी, देह, ओळख. आणि ते परत मिळवून देणं हे सरकारचं देणं असतं. या दोन रीती एकमेकींना पूरक आहेत असं सगळ्याच परिषदांत सांगितलं जातं. कागदावर ते खरंही आहे. प्रत्यक्षात मात्र पहिली रीत दुसरीवर स्वार होते: पीडितेला काय मिळेल, कधी मिळेल, ती कुठे राहील, हे खटल्याच्या सोयीने ठरू लागतं. या प्रकरणात मांडायचं आहे ते एवढंच की हा क्रम उलटा आहे. पीडित व्यक्तीचे हक्क खटल्यावर टांगून ठेवले की हक्क तर बुडतातच, पण खटलाही बुडतो.

आपल्या घटनाकारांनी हा विषय कुठे ठेवला ते आधी पाहावं. अनुच्छेद २३ माणसांचा व्यापार, वेठबिगार आणि तत्सम सक्तीच्या श्रमाला मनाई करतो, आणि तो आहे मूलभूत हक्कांच्या भागात, शोषणाविरुद्धच्या हक्कात. त्याचं उल्लंघन हा शिक्षापात्र गुन्हा असेल हे तिथेच पुढे म्हटलं आहे. पण आधी हक्क, मग गुन्हा. यानंतर अर्ध्या शतकाने, नोव्हेंबर २००० मध्ये, संयुक्त राष्ट्रांनी तस्करीविषयीचा पालेर्मो पूरक करार मंजूर केला, तेव्हा हा क्रम फिरला होता. हा पूरक करार कोणत्याही मानवी हक्क कराराला जोडलेला नाही. तो जोडलेला आहे आंतरराष्ट्रीय संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या कराराला, बंदुकांच्या चोरट्या व्यापारावरच्या पूरक कराराच्या शेजारी. पाचव्या कलमात तस्करीला गुन्हा ठरवणं देशांवर बंधनकारक केलं आहे. सहाव्या कलमात पीडितांचा निवारा, औषधोपचार, समुपदेशन, रोजगार यांची यादी येते, आणि तिथे देशांनी या गोष्टींचा ‘विचार करावा’ एवढंच सांगून करार मोकळा होतो. भारताने २०११ साली मान्यता दिली ती याच पूरक कराराला. युरोपातल्या देशांनी २००५ मध्ये आपसांत जो करार केला त्यात ही उणीव बरीच भरून काढली आहे. पीडितेला सावरायला किमान तीस दिवस द्यायचे, त्या काळात तिला हद्दपार करायचं नाही, आणि मदत मिळण्यासाठी साक्ष देण्याची अट घालायची नाही, अशी बंधनं त्यात स्पष्ट आहेत. दोन्ही करार तस्करीविरुद्धचेच, पण पीडितेच्या बाबतीत पहिला विनंती करतो आणि दुसरा हुकूम.

भारतात कुंटणखान्यांसंबंधीचा मुख्य कायदा १९५६चा. १९८६च्या दुरुस्तीनंतर तो ‘पिटा’ या नावाने पोलीस ठाण्यांत आणि बातम्यांत वावरतो. हा कायदा कसा चालतो ते आपल्याकडच्या वाचकाला नवं नाही. खबर लागते, बोगस गिऱ्हाईक पाठवलं जातं, इशारा मिळाला की दोन पंचांसह छापा पडतो, पंचनामा होतो, दलाल अटकेत आणि महिलांची ‘सुटका’ अशी चार ओळींची बातमी येते. बातमी तिथे संपते आणि कलम १७ तिथून सुरू होतं. सुटका झालेल्या स्त्रीला दंडाधिकाऱ्यांसमोर उभं करायचं, चौकशी करायची, आणि तिला संरक्षणाची गरज आहे असं त्यांचं मत झालं तर तिला संरक्षणगृहात ठेवायचं. किती काळ? कमीत कमी एक वर्ष, जास्तीत जास्त तीन वर्षं. आता त्याच कायद्याचं कलम ३ उघडून पाहा. कुंटणखाना चालवणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यासाठी शिक्षा आहे कमीत कमी एक वर्ष, जास्तीत जास्त तीन वर्षं. गुन्हेगाराची सक्तमजुरी आणि पीडितेचं संरक्षण एकाच मापाचं निघावं, हा योगायोग असेलही. पण ज्या गृहातून संध्याकाळी बाजारात जाऊन परत येता येत नाही, तिथल्या बाईला हा फरक कुठल्या शब्दांत समजावून सांगायचा?

हा प्रश्न २०२० साली मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. आदल्या वर्षी मालाडच्या एका गेस्ट हाऊसवरच्या छाप्यात तीन सज्ञान तरुणी सापडल्या होत्या. दंडाधिकाऱ्यांनी त्यांना एक वर्ष वसतिगृहात ठेवण्याचा आदेश दिला, सत्र न्यायालयाने तो कायम केला. कारणांत एक असं होतं की त्या बेडिया समाजाच्या आहेत, त्या समाजात अशी प्रथा आहे, तेव्हा आईवडिलांकडे देणं हिताचं नाही. न्यायमूर्ती पृथ्वीराज चव्हाण यांनी दोन्ही आदेश रद्द केले. वेश्याव्यवसाय करणं हा मुळात या कायद्याखाली गुन्हा नाही. गुन्हा आहे तो दुसऱ्याच्या देहाचा धंदा मांडणं आणि सार्वजनिक ठिकाणी गिऱ्हाईक गाठणं. या तिघींवर गुन्ह्याचा आरोपच नाही, त्या सज्ञान आहेत, कुठे राहायचं आणि कुठे फिरायचं हे ठरवण्याचा मूलभूत हक्क त्यांना आहे, म्हणून त्यांच्या इच्छेविरुद्ध त्यांना डांबून ठेवता येणार नाही. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बुद्धदेव कर्मास्कर प्रकरणात निर्देश दिले की छाप्यात सापडलेल्या, स्वेच्छेने या व्यवसायात असलेल्या सज्ञान स्त्रियांना अटक, दंड किंवा छळ होता कामा नये. कलम १७ मात्र आजही पुस्तकात जसंच्या तसं आहे.

सांगलीच्या ‘संग्राम’ संस्थेने २०१८ मध्ये महाराष्ट्रातल्या छाप्यांत ‘सुटका’ झालेल्या २४३ स्त्रियांशी बोलून एक अहवाल काढला. त्यांतल्या १९३ जणींनी सांगितलं की आम्ही आमच्या मर्जीने या कामात आहोत, आमची सुटका करा असं आम्ही कुणाला म्हटलं नव्हतं. हा आकडा थोडा सांभाळून वापरायला हवा, कारण संग्राम वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांच्या संघटनेबरोबर काम करते आणि मोकळेपणी बोलायला येणाऱ्या बायका कदाचित तिच्याच ओळखीतल्या जास्त असतील. शिवाय वर्षानुवर्षं त्याच खोलीत काढलेल्या बाईची ‘मर्जी’ कशाची बनलेली असते, हा प्रश्न उरतोच. पण आकडा निम्म्याने कमी धरला तरी मुद्दा राहतो. छापा घालणारा हात कोणाला नको असलेली सुटका देतो आहे आणि कोणाला हवी असलेली, हे विचारण्याची रीतच आपल्या कायद्यात नाही. आणि उरलेल्या पन्नास जणींसाठी तर ती रीत सर्वांत जास्त गरजेची आहे.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. बाईला विचारा, तिच्या मर्जीने वागा, असं म्हटलं की दलालाचं फावतं. कुंटणखान्याची मालकीण दमदाटी करून ‘मी अठराची आहे’ असं वदवून घेते, मालकिणीचाच वकील मुलीचा वकील म्हणून उभा राहतो, आणि दुसऱ्या दिवशी मुलगी त्याच खोलीत परत. हे काल्पनिक नाही. २००२ साली कामाठीपुऱ्यात काम करणारी ‘प्रेरणा’ ही संस्था उच्च न्यायालयात गेली ती नेमकं हेच घडत होतं म्हणून. न्यायालयाने तेव्हा जे ठरवून दिलं ते वाचण्याजोगं आहे: वयाची नीट खातरजमा आधी करा; मुलगी अठराखालची निघाली तर तिला आरोपी म्हणून नव्हे तर काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक म्हणून वागवा; आणि आरोपीचा वकील पीडितेचा वकील होऊ शकत नाही. या तिन्ही गोष्टी हक्कांच्याच आहेत. बालकाला संरक्षणाचा हक्क, पीडितेला स्वतःच्या वकिलाचा हक्क. मुलीची बाजू मांडणारा स्वतंत्र माणूस नव्हता, म्हणून दलालाचं फावत होतं. अज्ञान मुलीच्या संमतीला कायद्यात किंमत नाही आणि सज्ञान बाईच्या संमतीला आहे, हा भेद ठेवून दोघींचं ऐकून घेता येतं. दोघींनाही कुलूप लावणं हे पोलिसांना सोपं पडतं, एवढाच त्याचा गुण.

आतापर्यंत आपण कुंटणखान्यांबद्दल बोललो, कारण तस्करी म्हटलं की डोळ्यांपुढे तेच येतं. फौजदारी रीतीचा हा आणखी एक परिणाम आहे: जे छाप्यात दिसतं तेवढंच तिला दिसतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने २०२२ सालासाठी देशभरात तस्करीचे २,२५० गुन्हे आणि सुमारे सहा हजार पीडित नोंदवले. त्याआधी सहा वर्षं केंद्र सरकारने २०३० पर्यंत १ कोटी ८४ लाख वेठबिगार मुक्त करण्याचा संकल्प सोडला होता. एक आकडा हजारांत, दुसरा कोटींत. व्याख्या वेगळ्या आहेत हे खरं, तरी एवढी तफावत व्याख्येने भरून निघत नाही. वेठबिगारांपैकी बहुतेक जण कुठल्याही फौजदारी नोंदीत कधी येतच नाहीत. २०१३ मध्ये न्यायमूर्ती वर्मा समितीनंतर भारतीय दंड संहितेच्या कलम ३७०ची नवी रचना झाली. आधीच्या वटहुकमात शोषणाच्या यादीत सक्तीच्या श्रमाचा उल्लेख होता, संसदेने केलेल्या कायद्यात तो गळाला. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये भीक मागायला लावणं आलं, सक्तीचा श्रम पुन्हा नाहीच. त्यासाठी वेगळं किरकोळ कलम आहे, शिक्षा जास्तीत जास्त एक वर्ष.

रायगड, ठाणे, पालघर या पट्ट्यातल्या वीटभट्टीवर हे जवळून दिसतं. पावसाळ्यात हाताला काम नसतं तेव्हा कातकरी कुटुंब मालकाकडून किंवा मुकादमाकडून उचल घेतं. दिवाळीनंतर नवरा, बायको, पोरं भट्टीवर झोपडी बांधून राहायला जातात. रोख मजुरी हातात येत नाही. आठवड्याच्या बाजारापुरती खर्ची मिळते आणि ती वहीत चढते. किती हजार विटा पाडल्या हे मालकाची वही सांगते, किती फुटल्या हेही तीच सांगते. पावसाच्या तोंडावर हिशेब होतो, तेव्हा बरेचदा उचल फिटलेली नसते आणि ‘बाकी’ पुढच्या हंगामावर जाते. इथे कुंपण नाही, पहारेकरी नाही, बेड्या नाहीत. पोलीस हवालदार येऊन पाहील तर त्याला काय दिसेल? काम करणारी माणसं. ‘जायचं तर जाऊ दे की, कोणी धरलंय?’ असं मालक म्हणेल, आणि फौजदारी नजरेला ते पटेल.

न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांना ते पटलं नव्हतं. दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या प्रकरणात १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सक्ती बंदुकीचीच असते असं नाही. भूक आणि दारिद्र्य माणसापुढे दुसरी वाटच ठेवत नाहीत तेव्हा तीही सक्तीच. म्हणून किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवून घेणं हा अनुच्छेद २३खाली सक्तीचा श्रम ठरतो. पुढच्याच वर्षी बंधुआ मुक्ती मोर्चाच्या प्रकरणात न्यायालय आणखी पुढे गेलं: मजुराकडून सक्तीने काम घेतलं जातं हे दिसलं की ते उचलीपोटीच आहे असं गृहीत धरावं, तसं नाही हे मालकाने सिद्ध करावं. युरोपला या टप्प्यावर यायला २०१७ उजाडलं. ग्रीसमधल्या मानोलादा इथे स्ट्रॉबेरी वेचणाऱ्या बांगलादेशी मजुरांना महिनोन्‌महिने मजुरी मिळाली नाही. एप्रिल २०१३ मध्ये ती मागायला जमले तेव्हा राखणदाराने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, तिसाच्या आसपास जखमी झाले. ग्रीक न्यायालयाने तस्करीच्या आरोपातून मालकाला सोडलं, कारण मजूर हवं तेव्हा निघून जायला मोकळे होते. भरपाई मिळाली ती पस्तीस जणांत मिळून दीड हजार युरो, म्हणजे माणशी त्रेचाळीस. स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने हा निकाल चुकीचा ठरवला आणि ग्रीसला दरडोई बारा ते सोळा हजार युरो द्यायला लावले. ज्या घटनेत फौजदारी न्यायालयाला तस्करी दिसली नाही, त्याच घटनेत हक्कांच्या न्यायालयाला ती दिसली. पुरावा तोच होता.

मग वीटभट्टीवरच्या कुटुंबाला मिळतं काय? १९७६च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने एक धाडसी गोष्ट केली होती. कायदा लागू झाला त्या क्षणी प्रत्येक वेठबिगार मुक्त आणि त्याचं कर्ज रद्द, त्यासाठी कुठल्या खटल्याच्या निकालाची गरज नाही. कर्ज वेठबिगारीचं नाही हे दाखवण्याचा भार सावकारावर. प्रांताधिकाऱ्याने चौकशी करून मुक्तीचं प्रमाणपत्र द्यायचं, पुनर्वसनाची रक्कम द्यायची. वसई-ठाणे भागात श्रमजीवी संघटनेने ऐंशीच्या दशकात आदिवासी वेठबिगार सोडवले ते याच कायद्याच्या बळावर. २०१६ साली केंद्राने पुनर्वसनाची योजना नव्याने आखली आणि पूर्वीच्या वीस हजारांच्या जागी सज्ञान पुरुषाला एक लाख, स्त्रिया आणि बालकांना दोन लाख, तस्करी किंवा लैंगिक शोषणासारख्या अतिगंभीर प्रकरणांत तीन लाख रुपये ठरवले. रक्कम वाढली याचं स्वागतच. पण अट आली: तातडीची छोटी मदत लगेच, बाकीचे पैसे न्यायालयीन प्रक्रियेत वेठबिगारी सिद्ध झाल्यावर. खटला न संपल्यास प्रस्ताव अडवू नये अशी पुस्ती जोडली आहे, पण अंतिम वाटप पुन्हा त्याच दाराशी येऊन थांबतं. कायद्याने जी मुक्ती खटल्याशिवाय दिली होती तिचा मोबदला योजनेने खटल्याला बांधला. भट्टी सोडून आलेलं कुटुंब पुढच्या पावसाळ्यापर्यंत काय खाणार? पुन्हा उचल घेणार, बहुधा त्याच मुकादमाकडून. आणि ज्याच्याकडून उचल घेतली त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायला कोण उभं राहील?

या अटीच्या समर्थनार्थ सांगितलं जातं की लाखांच्या रकमा आहेत, खोटे वेठबिगार उभे राहतील. काही राहतीलही. पण त्याला उपाय आहे चांगली चौकशी: मजुरांचे वेगवेगळे जबाब, हजेरी, वही, उचलीची तारीख आणि किमान वेतनाचा दर यांचा मेळ. हे काम महसूल खात्याच्या माणसाला जमण्यासारखं आहे. फौजदारी खटल्यात संशयाचा फायदा आरोपीला मिळतो आणि तो मिळायलाच हवा, कारण तिथे माणूस तुरुंगात जायचा असतो. भरपाईला तोच निकष लावला की मालकाला दिलेला संशयाचा फायदा मजुराच्या खिशातून वसूल होतो. आपल्याकडे अपघातात जखमी झालेल्याची नुकसानभरपाई ड्रायव्हरला शिक्षा होईपर्यंत थांबत नाही. त्यासाठी वेगळं न्यायाधिकरण आहे, वेगळा निकष आहे. शिवाय फौजदारी प्रक्रियेतच पीडित भरपाईची अशी तरतूद आहे की आरोपी सापडला नाही, खटला उभाच राहिला नाही तरी पीडित व्यक्ती जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करू शकते. म्हणजे तत्त्व मान्य आहे, वेठबिगाराच्या दाराशी आल्यावरच ते का आखडतं?

दुसऱ्या बाजूचाही एक आक्षेप आहे आणि तो मला अधिक बोचतो. हक्क, भरपाई, पुनर्वसन यांवर भर दिला की गुन्हा पैशांत मोजला जातो. भट्टीवर हे सर्रास होतं. तक्रार झाली की तहसील कचेरीत बैठक बसते, मालक उचल सोडून देतो, मजूर घरी जातात, ‘प्रकरण मिटलं’ अशी नोंद होते. वेठबिगारीचा गुन्हा दाखलच होत नाही आणि पुढच्या हंगामात मालकाला दुसरं कुटुंब मिळतं. शिक्षेविना हक्क म्हणजे मालकासाठी धंद्यातला एक किरकोळ खर्च, हे अगदी खरं. म्हणून खटला सोडून द्या असं इथे कोणी म्हणत नाही. म्हणणं असं की तडजोडीला मजूर तयार का होतो ते पाहा. त्याच्याजवळ प्रमाणपत्र नाही, पैसे नाहीत, तारखेला तालुक्याला जाण्याचं भाडं नाही. हे असतं तर उचल माफ होण्याच्या बदल्यात त्याने तक्रार मागे घेतली नसती. कुंटणखान्यातून सुटून बंगालमधल्या गावी परतलेल्या मुलीला साक्षीसाठी मुंबईच्या तारखा सोसवत नाहीत, ती येत नाही, आणि मग सरकारी पक्ष ‘साक्षीदार फितूर’ किंवा ‘गैरहजर’ म्हणून मोकळा होतो. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तस्करीला बळी पडलेल्या बालकांची साक्ष त्यांच्या जवळच्या जिल्हा न्यायालयातून व्हिडिओद्वारे घेण्याची कार्यपद्धती ठरवून दिली. पीडितेची सोय म्हणून ती आखली गेली, पण तिचा फायदा सरकारी वकिलालाही तितकाच होतो. सज्ञान पीडितांना आणि भट्टीवरून गावी परतलेल्या मजुरांना ही पद्धत लागू करायला नव्या कायद्याची गरज नाही. मुक्तीचं प्रमाणपत्र देताना त्याच दिवशी, त्याच कचेरीत मजुराचा दंडाधिकाऱ्यांसमोरचा जबाब नोंदवून घ्यायलाही नाही.